टॉम रॉबिन्सनचा वकील कोण?

अमेरिकेत हायस्कूल शिकलेल्या माणसाला, शाळेत कोणती कादंबरी वाचायला लावली होती असे विचारले तर एक नाव हमखास पुढे येते. ते नाव म्हणजे 'टू किल अ मॉकिंगबर्ड'. अलाबामा राज्यातील हार्पर ली या गोऱ्या लेखिकेची ही कादंबरी जुलै १९६० मध्ये प्रसिद्ध झाली. १९६१ मध्ये तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. १९६२ मध्ये तिच्यावर सिनेमा निघाला आणि त्यातील वकिलाच्या भूमिकेसाठी ग्रेगरी पेकला ऑस्कर मिळाले. वर्णद्वेष म्हणजे काय आणि न्याय म्हणजे काय, याचा पहिला धडा तिथल्या मुलांच्या कित्येक पिढ्यांनी आठवी-नववीच्या वर्गात याच पुस्तकातून घेतला. 'ॲटिकस फिंचमुळे मी वकील झालो' असे सांगणारे वकील त्या देशात जागोजागी भेटतात. एका कादंबरीतल्या काल्पनिक वकिलाच्या सन्मानार्थ अलाबामाच्या वकील संघटनेने १९९७ मध्ये मनरोव्हिल गावात चक्क स्मारकशिला उभारली!

आम्हीही वकिली करतो. परंतु ज्या समाजातून आम्ही आलो, त्या समाजाने कोर्ट प्रथम पाहिले ते आरोपीच्या पिंजऱ्यातून, नाहीतर कोर्टाबाहेरच्या झाडाखाली बसून. त्यामुळे ही कादंबरी आम्ही खटल्याचे कागद वाचावेत तशी वाचतो. आणि तशी वाचली की वर्गात न विचारलेले बरेच प्रश्न पुढे येतात.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी हकीकत थोडक्यात सांगतो. काळ १९३३ ते १९३५, गाव अलाबामातील मेकोंब. स्काऊट नावाची लहान मुलगी गोष्ट सांगते. तिचे वडील ॲटिकस फिंच हे गावातले प्रतिष्ठित वकील. टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय शेतमजुरावर मेयेला युएल या गोऱ्या तरुणीवर बलात्कार केल्याचा आरोप येतो. न्यायाधीश टॉमचा बचाव ॲटिकसकडे सोपवतात. ॲटिकस बचाव करतो आणि उत्तम करतो. मार लागला आहे मेयेलाच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूला, म्हणजे मारणारा डावखुरा असला पाहिजे. आणि टॉमचा डावा हात तर लहानपणीच जिनिंगच्या यंत्रात सापडून निकामी झालेला. डावखुरा निघतो तो मुलीचा बाप, बॉब युएल. उलटतपासणी कशी घ्यावी याचा हा नमुना आहे आणि नव्या वकिलांनी तो जरूर वाचावा. तरीही ज्युरीतले सगळे गोरे टॉमला दोषी ठरवतात. पुढे तुरुंगातून पळण्याचा प्रयत्न केला म्हणून पहारेकरी त्याला गोळ्या घालतात. एक दोन नव्हे, १७ गोळ्या.

शाळेत या हकीकतीतून मुलांनी काय घ्यायचे ते जवळजवळ ठरून गेले आहे. दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे, हरण्याची खात्री असली तरी सत्याच्या बाजूने उभे राहावे. शिकवण वाईट नाही. आमच्या परिचयातील एका बौद्ध कुटुंबातील मुलगी न्यू जर्सीत नववीत शिकते. तिला निबंध आला होता ॲटिकसच्या धैर्यावर. तिने फोनवर आम्हाला विचारले, "काका, टॉमविषयी दोन परिच्छेद लिहायचे म्हटले तर लिहू काय? त्याचे घर कसे आहे, तो घरी बायकोशी काय बोलतो, हे तर कुठेच नाही." पोरीने नेमके बोट ठेवले. टॉम साक्षीच्या पिंजऱ्यात एका प्रकरणापुरता बोलतो. मेयेलाची कीव आली म्हणून तिला मदत करत होतो असे तो सांगतो आणि त्या एका शब्दावर सरकारी वकील त्याला पकडतो, कारण काळ्या माणसाने गोऱ्या बाईची कीव करणे हाच त्या समाजात गुन्हा होता. कीव ही वरच्याने खालच्याची करायची असते! संपूर्ण कादंबरीत वर्णव्यवस्थेचे इतके अचूक दर्शन दुसरीकडे नाही. त्यानंतर टॉमचा आवाज संपतो. त्याच्या मरणाची बातमीसुद्धा आपल्याला गोऱ्यांच्या घरातल्या चहापानाच्या वेळी कळते.

आणि टॉमचा समाज? तो कोर्टाच्या वरच्या सज्जात बसलेला असतो. ॲटिकस हरून बाहेर पडतो तेव्हा सज्जातले सारे कृष्णवर्णीय आदराने उठून उभे राहतात. दुसऱ्या दिवशी त्याच्या स्वयंपाकघरात खाण्यापिण्याच्या जिनसांचा ढीग लागतो. अर्धपोटी माणसांनी त्या आणून ठेवलेल्या असतात. सिनेमा पाहताना याच ठिकाणी प्रेक्षकांचे डोळे भरतात. आमचेही भरले. परंतु डोळे पुसल्यावर वकील म्हणून एक शंका येतेच. या सज्जातल्या शेकडो माणसांपैकी एकही जण खाली ज्युरीच्या बाकावर का नाही, हा प्रश्न कुणी का विचारत नाही?

ॲटिकस काही साधा वकील नाही. कादंबरीत तो अलाबामाच्या विधिमंडळाचा सदस्य आहे आणि लोक त्याला पुन्हा पुन्हा बिनविरोध निवडून देतात. म्हणजे कायदा करणाऱ्यांपैकीच तो एक. निकालानंतर मुलगा त्याला ज्युरीबद्दल विचारतो तेव्हा स्त्रियांना ज्युरीत बसता येत नाही हे तो सांगतो, शहाणी शहरी माणसे ज्युरीचे काम टाळतात हेही सांगतो. काळ्यांना यादीतच घेत नाहीत, हे मात्र त्याच्या तोंडून निघत नाही. त्या ज्युरीवर त्याने आक्षेप घेतल्याचेही वाचकाला कुठे दिसत नाही. कू क्लक्स क्लॅन ही त्याच्या लेखी कधीकाळची एक राजकीय संघटना, आता संपलेली. टॉमला मारायला तुरुंगाच्या दारात आलेल्या जमावाचा म्होरक्याही त्याला मुळात भला माणूसच वाटतो. अशी भली माणसे आपल्याही ओळखीची आहेत. गावात बहिष्कार पडला की खासगीत येऊन हळहळतात, ग्रामसभेत मात्र मान खाली घालून बसतात.

कुणी म्हणेल, १९३५ सालच्या अलाबामात ज्युरीचा प्रश्न कोण काढणार होते? काढला होता! आणि तोही त्याच वर्षी. मार्च १९३१ मध्ये अलाबामातच मालगाडीतून जाणाऱ्या नऊ कृष्णवर्णीय पोरांना दोन गोऱ्या तरुणींवरील बलात्काराच्या खोट्या आरोपात पकडले होते. तोच हा स्कॉट्सबरो खटला. आठ जणांना फाशी सुनावली गेली. १९३२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, फाशीच्या खटल्यात आरोपीला खराखुरा वकील मिळालाच पाहिजे असा निकाल दिला. १ एप्रिल १९३५ रोजी त्याच प्रकरणात दुसरा निकाल आला, तो ज्युरीतून कृष्णवर्णीयांना पद्धतशीर वगळल्याबद्दल. कोर्टात ज्युरीच्या यादीचे रजिस्टर हजर केले होते. काळ्यांना आम्ही वगळत नाही असे दाखवण्यासाठी त्यांची नावे त्यात मागाहून घुसडलेली होती आणि न्यायमूर्तींनी भिंग लावून ती पाहिली. खाडाखोड केलेले रजिस्टर! तहसील आणि पोलीस ठाण्याचे कागद हाताळणाऱ्या आमच्यासारख्यांना हे वाचताना फार परके वाटत नाही.

कादंबरीतला टॉमचा खटला त्याच वर्षीच्या उन्हाळ्यातला. म्हणजे हा निकाल तेव्हा ताजा होता.

आणखी एक गोष्ट शाळेत सांगितली जात नाही. मे १९३५ मध्ये ओक्लाहोमातील जेस हॉलिन्स या कृष्णवर्णीयाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले. त्याच्यावरही बलात्काराचाच आरोप होता आणि त्यालाही फाशीचीच शिक्षा झालेली होती. त्याच्या बाजूने उभे होते चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन, म्हणजे स्वतः कृष्णवर्णीय आणि हॉवर्ड विद्यापीठाच्या कायदा शाळेचे प्रमुख. ज्युरीतून काळ्यांना वगळले होते या मुद्द्यावर फाशी रद्द झाली. खटला पुन्हा चालला आणि हॉलिन्सला जन्मठेप झाली, त्यामुळे हा काही संपूर्ण विजय नव्हता. परंतु वकील त्याचा स्वतःच्या समाजातला होता आणि मुद्दा दयेचा नव्हता, हक्काचा होता. याच ह्यूस्टन यांच्या हाताखाली थरगुड मार्शल तयार झाले. त्यांनी १९५४ मध्ये शाळांमधील वर्णभेदाविरुद्धचा 'ब्राऊन' खटला जिंकला आणि १९६७ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले.

खुद्द अलाबामातही असे वकील होते. फ्रेड ग्रे यांना आपल्या राज्यातल्या कायदा महाविद्यालयात प्रवेश नव्हता म्हणून ते ओहायोत जाऊन वकील झाले आणि माँटगोमेरीला परत आले. १९५५-५६ च्या बस बहिष्काराच्या काळात रोझा पार्क्स यांचे वकीलपत्र त्यांनीच घेतले. बर्मिंगहॅमचे आर्थर शोअर्स ऑथरीन ल्यूसी या तरुणीसाठी लढले आणि फेब्रुवारी १९५६ मध्ये तिला अलाबामा विद्यापीठात प्रवेश मिळाला. गोऱ्यांनी दंगल केली आणि विद्यापीठाने काढून टाकले ते ल्यूसीलाच! हे तेच विद्यापीठ, जिथे हार्पर ली यांनी काही वर्षे आधी कायद्याचे शिक्षण घेतले होते आणि पदवी न घेताच सोडले होते.

बाबासाहेबांच्या अनुयायांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही. १९२७ च्या महाड सत्याग्रहानंतर सवर्णांनी चवदार तळ्याबद्दल दावा लावला, त्यात प्रतिवादी होते खुद्द बाबासाहेब. दहा वर्षे तो दावा चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टात निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. आमच्या चळवळीच्या प्रारंभी कोर्टात उभा असलेला माणूस एकाच वेळी पक्षकारही होता आणि बॅरिस्टरही. कुणा भल्या ॲटिकसची वाट पाहत आम्ही सज्जात बसलो नाही.

हार्पर ली यांच्यावर आम्हाला अन्याय करायचा नाही. त्यांचे वडील ए. सी. ली हे स्वतः वकील, आमदार आणि वृत्तपत्राचे संपादक. १९१९ मध्ये त्यांनी खुनाचा आरोप असलेल्या दोन कृष्णवर्णीयांचा बचाव केला होता. खटला हरले आणि दोघे फासावर गेले. लेखिकेने आपल्या घरातले, आपल्या गल्लीतले जग लिहिले आणि प्रामाणिकपणे लिहिले. स्त्री म्हणून तिलाही त्या व्यवस्थेत जागा नव्हतीच. कायदा शिकलेल्या या बाईला १९६० मध्ये आपल्याच राज्यात ज्युरीत बसण्याचा अधिकार नव्हता. अलाबामातील स्त्रियांना तो १९६६ च्या निकालाने मिळाला आणि त्या खटल्याच्या मांडणीत पॉली मरे या कृष्णवर्णीय वकील बाईंचा मोठा वाटा होता. वकिलाच्या लेकीचे काम काळ्या बाईने केले, हेही वर्गात सांगायला हरकत नाही.

लेखिकेच्या प्रामाणिकपणाचा मोठा पुरावा २०१५ मध्ये बाहेर आला. 'गो सेट अ वॉचमन' हे तिचे आधीचे, १९५७ सालचे हस्तलिखित त्या वर्षी छापले गेले. त्यात म्हातारा ॲटिकस वर्णभेद टिकवण्यासाठी भरलेल्या गोऱ्यांच्या बैठकीत बसलेला आहे. घरात आयुष्यभर राबलेल्या कॅल्पुर्निया या कृष्णवर्णीय बाईच्या नातवाचे प्रकरण तो हाती घेतो. कशासाठी? तर कृष्णवर्णीयांच्या संघटनेचे वकील गावात येऊ नयेत आणि ज्युरीत काळे बसवा अशी मागणी करू नयेत म्हणून! हे वाचून अमेरिकेतल्या वाचकांना धक्का बसला, आपला देव भंगला असे अनेकांना वाटले. आम्हाला काही धक्का बसला नाही. जो आश्रयदाता अशिलाला दया देतो, तोच अशील स्वतःचा वकील घेऊन आला की दार लावतो, हे आम्ही पाहिले आहे. शाळेत मात्र पहिले पुस्तक नेमलेले असते, हे दुसरे नव्हे.

मनरोव्हिल हे हार्पर ली यांचे गाव, म्हणजेच मेकोंब. तिथल्या जुन्या कोर्टाचे आता संग्रहालय झाले आहे आणि पर्यटक ते पाहायला जातात. याच गावात नोव्हेंबर १९८६ मध्ये एका गोऱ्या तरुणीचा खून झाला. वॉल्टर मॅकमिलियन या कृष्णवर्णीयाला जून १९८७ मध्ये पकडले. खुनाच्या वेळी तो आपल्या घरी होता, कित्येक लोकांनी त्याला तिथे पाहिले होते. परंतु साक्षीदार काळे, तेव्हा त्यांच्या साक्षीला किंमत शून्य. खटला सुरू होण्याआधीच त्याला फाशीच्या कैद्यांच्या कोठडीत टाकले होते. काळ्यांची वस्ती कमी असलेल्या शेजारच्या काउंटीत खटला हलवला. ज्युरीत ११ गोरे आणि एक कृष्णवर्णीय. १९८८ मध्ये दीड दिवसात खटला आटोपला. ज्युरीने जन्मठेप सुचवली, तर न्यायाधीशाने ती बाजूला सारून फाशी दिली. पुढे मुख्य साक्षीदाराने आपण खोटे बोललो असे कबूल केले आणि सहा वर्षांनी, २ मार्च १९९३ रोजी, मॅकमिलियन सुटला. त्याला सोडवणारे वकील ब्रायन स्टीव्हन्सन हे कृष्णवर्णीय, गुलामांच्या वंशातले, हार्वर्डमध्ये कायदा शिकलेले. 'जस्ट मर्सी' या २०१४ च्या पुस्तकात त्यांनी सारे लिहिले आहे. टॉम रॉबिन्सनसाठी रडणाऱ्या गावाला आपल्यातल्या जिवंत टॉमचे काहीच वाटले नाही आणि याच सुमारास त्या गावात ॲटिकसची स्मारकशिला बसली. कादंबरी शिकवून माणसे बदलतात असे मानणाऱ्यांनी या गावाकडे एकदा नीट पाहावे.

मग ही कादंबरी शाळेतून काढावी काय? तिला काढण्याचे प्रयत्न दोन्ही बाजूंनी झाले. १९६६ मध्ये व्हर्जिनियातील हॅनोवर काउंटीच्या शाळा मंडळाने ती अनैतिक ठरवली. तेव्हा हार्पर ली यांनी वृत्तपत्राला बोचरे पत्र लिहून मंडळाची खिल्ली उडवली होती. २०१७ मध्ये मिसिसिपीतील बिलॉक्सी येथे, तिच्या भाषेने लोक अस्वस्थ होतात म्हणून ती आठवीच्या अभ्यासातून काढली. जानेवारी २०२२ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील मुकिलटिओच्या मंडळाने ती नववीच्या सक्तीच्या यादीतून काढली, पण कारण निराळे होते. तिथल्या शिक्षकांचेच म्हणणे होते की, या पुस्तकात काळी माणसे गोऱ्यांच्या मोठेपणाची पार्श्वभूमी म्हणून येतात आणि त्यातला तो अपमानास्पद शब्द मोठ्याने वाचला जाताना वर्गातल्या कृष्णवर्णीय मुलाला खाली पाहावे लागते. ज्याला शिकवेल त्याने ते शिकवावे, सक्ती नको, असा मार्ग तिथे निघाला.

मुकिलटिओच्या शिक्षकांचे म्हणणे आम्हाला पटते, बिलॉक्सीचे पटत नाही. अस्वस्थता हे कारण फार सोयीचे असते. २००५-०६ मध्ये कॅलिफोर्नियात सहावीच्या इतिहासाच्या पुस्तकांतून जातीव्यवस्थेचा आणि दलितांचा उल्लेख पुसट करावा म्हणून तिथल्या काही हिंदू संघटनांनी अर्ज केले होते. २०१६ मध्ये तोच वाद पुन्हा उकरला गेला. त्यांचेही म्हणणे असेच होते की, आमच्या मुलांना वर्गात कमीपणा वाटतो. त्याच वर्गात आमचीही मुले बसतात, हे त्यांच्या गावीही नव्हते. तेव्हा आंबेडकरी कुटुंबे आपले अर्ज घेऊन उभी राहिली. पुस्तक काढण्याच्या मागणीला आमचा विरोध आहे तो यासाठी.

आम्ही हे सारे का लिहीत आहोत? कारण ॲटिकसवरची भक्ती आपल्याकडच्या कोर्टातही आहे. अत्याचाराच्या खटल्यात सरकारी वकील लढतो, पोलीस तपास करतात आणि ज्याच्या घरावर हल्ला झाला तो फिर्यादी व्हरांड्यात तारीख विचारत फिरतो. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजी घडले. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टाने सहा जणांना फाशी दिली, पण ॲट्रॉसिटी कायदा लावला नाही. जातीचा संबंधच दिसला नाही म्हणे! २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशीची जन्मठेप केली. सगळे कुटुंब गमावलेले भैयालाल भोतमांगे २०१७ मध्ये वारले. पीडिताला खटल्यात बोलण्याचा कायदेशीर हक्क मिळाला तो नंतर. ॲट्रॉसिटी कायद्यातील कलम १५-अ हे २०१६ च्या जानेवारीत लागू झाले. जामीन असो, दोषमुक्ती असो, शिक्षा असो, पीडिताला नोटीस आणि म्हणणे मांडण्याची संधी दिलीच पाहिजे. ऑक्टोबर २०२१ मध्ये 'हरिराम भांभी' प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही नोटीस सक्तीची असल्याचे स्पष्ट केले. तरी आजही जामिनाच्या अर्जावर पीडिताला नोटीस न देता सुनावणी उरकण्याचे प्रकार होतात आणि आक्षेप घेतला की, 'सरकारी वकील आहेत ना?' असे आम्हालाच विचारले जाते.

न्यू जर्सीच्या त्या मुलीला आम्ही सांगितले की, ॲटिकसवर लिहायचे ते जरूर लिही. त्याची उलटतपासणी खरोखर चांगली आहे, तिला गुण दे. पण सोबत हॉलिन्सच्या खटल्याचा निकाल जोड. शाळेच्या ग्रंथालयातल्या बाईंना विचारलेस तर त्या काढून देतील. निकाल अगदी छोटा आहे, नववीच्या वर्गात एका तासात वाचून होतो. आणि शिक्षिकेला एवढेच विचार की, टॉमच्या बायकोने, हेलनने, त्या वर्षी ह्यूस्टन यांना पत्र पाठवले असते तर ॲटिकसने काय केले असते.